रात्रीची कबड्डी आणि दिवसाचे क्रिकेट टिपण्यासाठी आयएस नसलेली ७०-२०० एफ/२.८ घ्यावी की आयएस असलेली ७०-२०० एफ/४?

आपल्या कॅनन ८०डी कॅमेऱ्यासाठी आयएस नसलेली ७०-२०० एफ/२.८ आणि आयएस असलेली ७०-२०० एफ/४ या दोन वापरलेल्या लेन्स जवळपास सारख्याच किमतीत मिळत आहेत, आणि त्यांवर आपण मुख्यतः प्रकाशझोतातील कबड्डीचे सामने व अधूनमधून रविवारचे क्रिकेट टिपणार आहात, असे आपण लिहिले आहे. या उपयोगासाठी मी एफ/२.८ लेन्स घेईन (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून अधिक प्रकाश आत येतो). आपण केवळ दिवसाचे क्रिकेट टिपणार असता, तर मात्र माझे उत्तर इतके ठाम नसते.

आयएस, म्हणजे प्रतिमेचे स्थिरीकरण, आपल्या हाताचे कंपन सावरते. समोरच्या खेळाडूची हालचाल त्याने तसूभरही कमी होत नाही. २००६ साली आलेल्या एफ/४ आयएस लेन्सबाबत कॅननचा दावा चार स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाशात किंवा शटरच्या वेळेत दुपटीचा फरक). म्हणजे २०० मिमीवर, ८०डीच्या लहान सेन्सरचा विचार करता, जेथे हातात धरून साधारण १/३२० सेकंद लागेल, तेथे १/२० सेकंदातही स्थिर वस्तूचे चित्र स्वच्छ येऊ शकेल. पण सेकंदाला पाच मीटर वेगाने मध्यरेषेकडे परतणारा चढाईपटू तेवढ्या वेळात पंचवीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मागची कनात रेखीव आणि खेळाडूचा नुसता पट्टा, अशी छायाचित्रे माझ्याकडे सुरुवातीच्या काळातील भरपूर आहेत. त्याला गोठवण्यासाठी किमान १/५०० आणि शक्यतो १/६४० सेकंद लागतो, आणि शटर एवढे वेगवान ठेवले की हाताच्या कंपनाचा प्रश्न बहुतांशी आपोआप मिटतो.

मग उरतो तो प्रकाशाचा प्रश्न. मी ज्या मैदानांवर काम करतो तेथे एफ/२.८ वर १/६४० सेकंदासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) साधारण ३२०० ठेवावा लागतो. तोच प्रकाश, तेच शटर आणि एफ/४ म्हटले की आयएसओ ६४०० होतो, आणि ८०डीवर दाणेदारपणातील हा फरक चेहऱ्याच्या त्वचेवर व गडद जर्सीवर डोळ्यांना दिसतो. शिवाय लेन्स फोकस करताना ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे लेन्सचे छिद्र, पूर्ण उघडे असते, आणि त्याचा लाभ एफ/२.८ लेन्सवर कॅमेऱ्याच्या फोकस यंत्रणेला होतो. ८०डीचा मधला फोकस बिंदू तर एफ/२.८ लेन्सबरोबर अधिक काटेकोर काम करतो. पकड होते त्या क्षणी चार-पाच जण एकमेकांवर कोसळलेले असतात, तेव्हा हा काटेकोरपणा आयएसपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो. (मैदानावरील दिव्यांची लुकलुक हा वेगळाच त्रास आहे, एकाच मालिकेतील छायाचित्रे कमी-अधिक उजळ येऊ लागली तर लेन्सला दोष न देता ८०डीमधील ‘अँटी-फ्लिकर’ चालू करावे.)

आयएसचे म्हणून जे खरे फायदे आहेत, तेही नोंदवतो. व्ह्यूफाइंडरमधील चित्र स्थिर राहते, त्यामुळे दूरच्या खेळाडूवर फोकस बिंदू टिकवणे सोपे जाते. कॅमेरा खेळाडूबरोबर फिरवत मुद्दाम १/६० सारख्या शटरवर पार्श्वभूमी ओढलेली दाखवायची असेल, तर आयएसची दुसरी पद्धत आडवी हालचाल तशीच सोडून केवळ उभे कंपन सावरते. चित्रफीत काढायची असेल तर आयएस हवेच. आणि वजन: एफ/४ आयएस ७६० ग्रॅम आहे, तर १९९५ साली आलेली एफ/२.८ लेन्स १,३१० ग्रॅम आहे. तीन तासांनंतर हा अर्ध्या किलोहून अधिकचा फरक मनगटाला कळतो. त्यावर उपाय म्हणजे साधा मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा आधार; तो वजनही घेतो आणि उभे कंपनही बऱ्यापैकी थांबवतो.

क्रिकेटसाठी मात्र आयएस असो वा नसो, २०० मिमी अपुरेच आहे. सीमारेषेवरून फलंदाज सत्तर मीटर दूर असेल, तर ८०डीवर आडव्या चौकटीची उंची तेथे सुमारे ५.२ मीटर भरते, म्हणजे फलंदाज चौकटीच्या जेमतेम एक तृतीयांश दिसतो. येथे एफ/२.८ चा आणखी एक लाभ आहे: १.४ पटीचा एक्स्टेंडर (लेन्स व कॅमेऱ्यामध्ये बसणारे, पल्ला वाढवणारे जोडभिंग) लावला की ती २८० मिमी एफ/४ होते, आणि दिवसाच्या उन्हात तेवढे ॲपर्चर पुरते. एफ/४ लेन्स त्याच एक्स्टेंडरने एफ/५.६ वर जाते. ताशी १२० किलोमीटरचा चेंडू १/१००० सेकंदात तीन सेंटिमीटरहून थोडा अधिक सरकतो, म्हणून उन्हात १/२००० ठेवावे. तेथे आयएस बंद असले तरी काही बिघडत नाही.

कबड्डीत उलट अडचण येते. मैदान १३ बाय १० मीटरचे, आणि आपण रेषेलगत बसलेले; जवळच्या कोपरारक्षकासाठी ७० मिमीसुद्धा अनेकदा जास्त होते. पुढेमागे सवड झाली, तर ५० मिमी एफ/१.८ ही छोटी लेन्स सोबत ठेवावी. तीही आयएसविनाच आहे.

घेण्यापूर्वी लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. कोकणात व मुंबईत राहिलेल्या लेन्सबाबत हे विशेष आवश्यक आहे. त्यानंतर स्वतःच्या ८०डीवर ती लावून, एफ/२.८ वरच, आपल्याकडे धावत येणाऱ्या एखाद्या माणसाची सलग वीस-पंचवीस छायाचित्रे घ्यावीत आणि ती घरी मोठ्या पडद्यावर पाहूनच पैसे द्यावेत.