वाचक विचारतात : वाळू पांढरी का येत नाही?

प्रश्न : नमस्कार दादा. मुंबईच्या चुलतभावाने मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला आणि त्याचा जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) १८-५५ एमएमच्या झूम लेन्ससकट मला दिला. तारकर्लीला फोटो काढले तर वाळू मळकी राखाडी येते, आणि संध्याकाळी घरातल्यांना सूर्यास्तासमोर उभं केलं तर सगळ्यांची तोंडं काळीठिक्कर. मित्र म्हणतो ऑटोवर काढणारा कसला फोटोग्राफर, सरळ एम मोड (सगळं हाताने लावायचा मॅन्युअल) शिक. एमपासूनच सुरुवात करू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : मित्राचं ऐकू नका, निदान दिवाळीपर्यंत तरी नको. एम मोड वाईट नाही, पण तुमचा प्रॉब्लेम त्याने सुटणारच नाही. कारण एममध्ये गेल्यावर तुम्ही काय करणार, तर व्ह्यूफाइंडरमधला (डोळा लावायच्या खिडकीतला) उजेड दाखवणारा काटा शून्यावर आणणार, आणि तो काटा उजेड मोजणाऱ्या ज्या मीटरवर चालतो तोच मीटर ऑटोमध्येपण होता, म्हणजे वाळू पुन्हा राखाडीच, फक्त यावेळी मेहनत तुमची.

मीटरला वाळू कळत नाही. त्याला कळतो फक्त उजेड, आणि समोर जे काही असेल ते मधल्या राखाडीच्या आसपास आणून ठेवायचं एवढंच त्याला शिकवलेलं आहे. जुने फोटोग्राफर १८ टक्के राखाडी म्हणतात ते हेच. अंगण, झाडं, माणसं अशी सरमिसळ असली की हे बरोबर जमतं. पण भर दुपारच्या तारकर्लीत निम्मी फ्रेम पांढऱ्या वाळूने भरली की त्याला वाटतं बापरे केवढा उजेड, आणि तो फोटो काळपट करून टाकतो.

म्हणून डायल ए वर आणा (कॅननवर एव्ही लिहिलेलं असतं). यात अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) तुम्ही ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा बघून घेतो. बीचवर एफ ८ (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) १०० ठेवा, आणि मग अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधा, सगळी गंमत तिथे आहे. सुरुवातीच्या निकॉनवर ते वर शटरजवळ असतं, सुरुवातीच्या बऱ्याच कॅननवर मागे स्क्रीनच्या बाजूला, ते दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं. पांढऱ्या वाळूवर अधिक १ करून बघा, कमी वाटलं तर थोडं अजून. उन्हात स्क्रीनवरून काही अंदाज येत नाही, त्यामुळे हिस्टोग्राम (काळोख डावीकडे, उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख) लावा आणि आलेख उजव्या भिंतीला चिकटला नाही ना तेवढं बघा. आणि काम झालं की शून्यावर परत आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो फिक्कट येतील आणि तुम्ही लेन्सला शिव्या घालाल.

सूर्यास्ताच्या तोंडांचं मात्र वेगळं आहे. तिथे अधिक केलं तर चेहरे उजळतील पण आकाशाचा रंग उडून जाईल. तिथे तो टपकन वर येणारा छोटा फ्लॅश मुद्दाम उघडा, माणसं दोन-तीन मीटरवर ठेवा, आकाश आणि चेहरा दोन्ही मिळतात. लोक हा फ्लॅश रात्री लांबच्या स्टेजवर मारतात जिथे तो पोचतच नाही, आणि जिथे खरा उपयोग तिथे बंद ठेवतात, हे मला कधी समजलेलं नाही. अजून एक, सूर्य वर असताना त्याच्याकडे लेन्स रोखून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा नाही, डीएसएलआरमध्ये तो उजेड सरळ डोळ्यात येतो.

प्रश्न : जत्रेतल्या दशावताराचे फोटो काढायचेत. राजाचा चेहरा पांढराफटक येतो नाहीतर सगळं हललेलं येतं. फ्लॅश मारला तर पुढचे म्हातारे ओरडतात.
– कॉलेजची विद्यार्थिनी, वेंगुर्ला

उत्तर : म्हाताऱ्यांचं बरोबर आहे गं, फ्लॅश नकोच. वर मालवणच्या वाचकांना जे सांगितलं त्याचंच हे उलटं. मागे काळोख, मध्ये उजेडात एकटा राजा, कॅमेऱ्याला वाटतं सगळंच काळं आहे, मग तो उजळवत सुटतो आणि आधीच रंगवलेला चेहरा पार धुऊन निघतो. उणे १ कर, कधी कधी त्याहून जास्त लागेल.

हललेलं येतं ते शटर हळू म्हणून. १८-५५ पूर्ण झूम केली की अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. ५० एमएम एफ १.८ ही लेन्स त्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि लेन्समध्ये सगळ्यात स्वस्तातली तीच, त्यामुळे पैसे साठवायचे तर तिच्यासाठी साठव, फिल्टरच्या सेटसाठी नको (निकॉनच्या छोट्या बॉडीवर ऑटोफोकस चालायला एएफ-एस वाली, म्हणजे लेन्समध्येच मोटर असलेली, बघून घे). तोपर्यंत आयएसओ ३२०० बिनधास्त लाव. दाणे दिसतील, दिसू देत, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही बरा. युद्धाला शटर १/२५० सेकंद तरी पाहिजे, पण संवाद चालू असताना किंवा पात्र पवित्रा घेऊन क्षणभर थांबतं तेव्हा १/१०० वरही चालून जातं. ट्यूबलाइटखाली तर १/१०० किंवा १/५० च बरं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, शटर त्याहून फास्ट केलं की एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट असं होतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त तुझा हात सांभाळतं, नाचणारा राजा नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू का? बायको म्हणते तांदूळ फुकट जातील.
– एक वाचक, दापोली

उत्तर : वहिनींचं ऐका, तांदळाची पूड कॅमेऱ्यात जाईल. ज्या बॅगेतून आणला तिच्यातही पावसाळाभर ठेवू नका, तो फोम दमट होऊन बसतो आणि कपाटात अंधार, बुरशीला अजून काय हवं. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की समजायचं. एकदा काचेच्या कोटिंगला तिने खाल्लं की साफ करूनही डाग राहतो.

रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि बाजारात मिळणारा छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा, अगदी सुकवूनही टाकायचं नाही. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतं, फक्त निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते जेवणाच्या कढईत बिलकूल नको. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा. एसी खोलीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते, तेव्हा बॅग बंदच ठेवून थोडा वेळ जाऊ द्या.

हर्णैला लिलावाचे फोटो काढायला जात असाल (दापोलीचे असून जात नसाल तर कमाल आहे) तर खाऱ्या वाऱ्याचं बघा. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवायची, मग बॉडी किंचित ओल्या सुती फडक्याने आणि लगेच कोरड्याने. फडकं आधी मारलंत तर वाळूचे ओरखडे. आणि तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते.

प्रश्न : कशेळीच्या हत्तीचं कातळशिल्प प्रत्यक्षात छान दिसतं, फोटोत नुसता सपाट कातळ. लेन्स बदलू का?
– शिक्षक, राजापूर

उत्तर : गुरुजी, वेळ बदला. दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावरून येतं, खोदलेल्या रेषेत सावलीच पडत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा, रेषा उठून दिसतात. हत्ती एवढा मोठा की त्याच्यासाठी १८ एमएमचंच टोक लागेल, आणि उंचावरून मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी शिल्पावर पाय देऊन उभं राहू नका.

प्रश्न : व्ह्यूफाइंडरमधून सगळंच धूसर दिसतं, फोटो मात्र बरे येतात.
– निवृत्त वाचक, गुहागर

उत्तर : व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीक चाक असतं. समोरच्या दृश्याकडे बघू नका, आतले फोकसचे ठिपके आणि आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. तुमच्या डोळ्याच्या नंबरसाठीच ते दिलेलं आहे.

प्रश्न : आत्ता जुना डीएसएलआर घेणं म्हणजे पैसे वाया का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : शिकायला अजिबात नाही. कॅनन आणि निकॉनचं सगळं लक्ष आता मिररलेसवर आहे, म्हणूनच चांगल्या बॉड्या आणि लेन्स स्वस्तात निघतायत. शटर किती वेळा चाललंय ते विचारा, निकॉन डी ५६०० चं शटर १ लाख वेळांसाठी टेस्ट केलेलं होतं, त्यावरून अंदाज बांधा. आणि कोकणातली लेन्स असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा, बुरशीचं जाळं दिसलं तर भाव करत बसू नका, सरळ उठा.