मोठ्या ऑर्डरसाठी निवृत्तीची पुंजी मोडू का?

प्रश्न : पाच वर्षांपासून मी कपड्यांचा छोटा ब्रँड चालवते. सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंग आणि थोड्या थोड्या नगांची शिलाई असं आमचं काम आहे. पाच शिलाई कारागीर पूर्णवेळ माझ्याकडे आहेत. त्यांचा पगार आणि भरपगारी रजा कधी चुकली नाही. वर्षाला साधारण २४०० कपडे तयार होतात आणि बहुतेक ऑनलाइन थेट ग्राहकांना जातात. सध्या ३०० नग पडून आहेत. आता एका मोठ्या दुकानसाखळीने १५०० कपड्यांची ऑर्डर देऊ केली आहे. माल चार महिन्यांत द्यायचा. ते किरकोळ किमतीच्या ५५ टक्के देतील, तेही माल पोचल्यानंतर ९० दिवसांनी. यासाठी लागणारी रक्कम माझ्या निवृत्तीच्या पुंजीच्या जवळपास निम्मी आहे. माझं वय ४३, घर माझ्या एकटीच्या कमाईवर चालतं. मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. मी ठरावीक पगार घेत नाही, गरज पडेल तसे पैसे काढते. पुंजी मोडू का?

उत्तर : नका मोडू. ऑर्डर पूर्ण नाकारावी असं माझं म्हणणं नाही, पण ज्या अटींवर ती समोर आली आहे त्या अटींवर ती घेण्यासारखी नाही. कारण तुमच्याच आकड्यांत आहे.

सोबत पाठवलेला खर्चाचा तक्ता मी दोनदा तपासला. कपड्याची किरकोळ किंमत १०० धरली, तर त्यात कापड २४, रंगाई आणि धुलाई ५, कटिंग-शिलाई-काजबटण १७, लेबल आणि पॅकिंग ३. एकूण ४९. थेट विक्रीत यावर पोच, परत येणारे कपडे, पेमेंटचं शुल्क आणि जाहिरात मिळून आणखी २० जातात आणि ३१ उरतात. दुकानसाखळी देणार ५५. म्हणजे त्यांच्या नगामागे उरतात फक्त ६.

आता हे ६ शेवटपर्यंत टिकतात का ते बघा. कापडाची आगाऊ रक्कम आज जाईल आणि सात महिन्यांनी परत येईल. पगारांचे पैसे सरासरी साडेचार महिने अडकतील. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर नगामागे साधारण २.८ इथेच गेले. पैसा स्वतःचा असला म्हणून व्याज सुटत नाही, कारण तोच पैसा दुसरीकडे काहीतरी कमावत होता. त्यांच्या तपासणीत १०० पैकी ५ कपडे नापास झाले तर आणखी पावणेतीन गेले. नैसर्गिक रंगाच्या कामात रंगाईच्या दोन खेपांची छटा तंतोतंत जुळत नाही. तुमच्या ग्राहकांना ते आवडतं, पण साखळीच्या तपासनिसाच्या लेखी तो दोष असतो, तेव्हा ५ टक्के हा आकडा काही फुगवलेला नाही. हाती राहतात नगामागे जेमतेम ०.५. त्यातून वाहतूक, जागेचं भाडं, वीज आणि तुमचे चार महिने निघायचे आहेत.

व्याज आणि नापास माल बाजूला ठेवला तरी १५०० नगांतून जेवढं उरेल, तेवढं सुमारे २९० कपडे थेट विकून उरतं. तुमच्याकडे ३०० नग तयार पडून आहेत, त्यांचं कापड आणि शिलाई आधीच चुकती झालेली आहे. या ऑर्डरला जेवढं भांडवल लागेल त्याच्या एक पंचमांश पैसा त्या कपड्यांत अडकला आहे. म्हणून पहिलं काम तिथे करा. कोणता नग, कोणता साईझ, किती महिने पडून आहे, अशी यादी काढा. अशा साठ्यात टोकाचे साईझ आणि एखादाच न चाललेला रंग जास्त निघतो असा माझा अनुभव आहे. तसं असेल तर पुढच्या कटिंगमध्ये त्या साईझचे नग आधीच कमी धरा. जे उरले आहेत ते जुन्या ग्राहकांना आधी दाखवा आणि काहींना वेगळ्या रंगात पुन्हा रंगवून घ्या. दर घसघशीत पाडून विकण्याची घाई मात्र नको. एकदा निम्म्या दरात मिळालेला कपडा पूर्ण किमतीत घ्यायला ग्राहक पुन्हा सहज तयार होत नाही.

पुंजीबद्दल तुम्ही लिहिलंय, “सात महिन्यांत परत भरेन.” तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. अडचण खेळत्या भांडवलाच्या स्वभावातच आहे. ऑर्डर चांगली गेली तर साखळी पुढच्या हंगामाची मागणी करेल, आणि आलेले पैसे पुंजीत जाण्याऐवजी पुढच्या ताग्यांत जातील. ऑर्डर बिघडली तर ते येणारच नाहीत. दोन्ही बाजूंनी पुंजी रिकामीच राहते. साठाव्या वर्षापर्यंत तुमच्या हातात १७ वर्षं आहेत. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर आज काढलेल्या १०० चे तेव्हा ३७० झाले असते. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मिळू शकतं, व्यवसायासाठीही मिळू शकतं. म्हातारपणासाठी कर्ज कोणी देत नाही. घरात दुसरी कमाई नसताना त्या पैशाला हात लावण्याइतकं कारण या ऑर्डरमध्ये मला दिसत नाही.

तुम्ही विचारलेली नाही अशी एक गोष्ट मला जास्त खटकली. महिन्याला २०० कपडे ही तुमच्या पाच जणींची गती. चार महिन्यांत ८००, तेही स्वतःच्या ग्राहकांसाठी एकही नग न शिवता. मग उरलेले ७०० कोण शिवणार? एकतर याच पाच जणी रात्री उशिरापर्यंत बसतील, नाहीतर काम बाहेर जाईल, आणि नगामागे ६ उरत असताना बाहेरच्या कारागिराला तुमच्या दराने मजुरी देणं परवडणार नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी दुसऱ्या सकाळी कामगारांना आत बोलावलं गेलं. डोक्यावर मालाच्या तारखा असल्या की असं होतं. तुमच्या कामाचं प्रमाण फार लहान आहे हे मला कळतं. पण कमी दर, जवळची तारीख आणि उशिरा मिळणारे पैसे या तीन गोष्टी एकत्र आल्या की भार शिलाई मशीनवर बसलेल्या बाईवर जातो, मग मालकीण कितीही मनापासून चांगली असो.

उशिरा मिळणाऱ्या पैशाचं दुसरं टोकही ध्यानात घ्या. ९० दिवसांची उधारी म्हणजे एका मोठ्या कंपनीला तुम्ही बिनव्याजी कर्ज देणार. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे दुकानं बंद झाली, तेव्हा जगभरच्या ब्रँडांनी एकट्या बांगलादेशातल्या ३ अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डर रद्द केल्या किंवा लांबवल्या. त्यातल्या बऱ्याच मालाचं कापड कापून झालं होतं, काही शिवूनही तयार होता. आगाऊ रक्कम घेतलेली नसली की नुकसान पुरवठादाराच्याच माथी येतं. भारतात २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार दोन व्यवसायांमधली मुदत सहसा ६० दिवसांपलीकडे जाऊ नये. तुम्हाला आणि त्या साखळीला कुठला कायदा लागू होतो हे बोलणी करण्याआधी वकिलाला विचारा. ती ९० दिवसांची अट कदाचित तिथेच मोडेल.

मी तुमच्या जागी असते तर त्यांना उलट प्रस्ताव दिला असता. १५०० ऐवजी ३०० नग, चार ऐवजी सहा महिने. म्हणजे महिन्याला ५०, तुमच्या क्षमतेच्या एक चतुर्थांश. कुठल्याही एका घाऊक ग्राहकाला याहून मोठा वाटा देऊ नका. दर ५५ ऐवजी ६०. ऑर्डरसोबत ४० टक्के आगाऊ, म्हणजे नगामागे २४, त्यात कापडाचा खर्च निघतो. बाकी रक्कम माल पोचल्यापासून ३० दिवसांत. रंगाच्या छटेत किती फरक चालेल हे दोघांच्या सहीच्या नमुना तुकड्यावर ठरवून घ्या. सेंद्रिय प्रमाणपत्राचा विषयही आधीच काढा. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं लेबल लावायचं तर नुसतं कापड प्रमाणित असून भागत नाही, शिलाईच्या जागेपर्यंतची साखळी प्रमाणित लागते आणि दरवर्षी तपासणी होते. ते लेबल त्यांना हवं असेल तर तो खर्च दरात वेगळा धरा.

एवढ्यावर ते नाही म्हणाले तर ऑर्डर जाऊ द्या. वाईट वाटेल. पाच वर्षांच्या कष्टानंतर कुणी मोठ्याने तुमचं काम निवडलं, त्याचा आनंद मला तुमच्या पत्रात दिसला आणि तो रास्त आहे. पण या अटींवर ही ऑर्डर म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

वाढायचं असेल तर पैसा तुमच्या ग्राहकांकडूनच येऊ शकतो. तुमचे ग्राहक कपड्यासाठी थांबायला तयार असतात, ही ताकद मोठ्या दुकानांकडे नाही. पुढचे दोन नवे कपडे आगाऊ नोंदणीवर काढा. पाच-सहा आठवडे लागतील असं स्पष्ट लिहा आणि पूर्ण रक्कम आधी घ्या. कापड घ्यायच्या आधी पैसा हाती येतो आणि कुठल्या साईझचे किती नग कापायचे तेही कळतं. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. कपडा ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ती तुमची कमाई नसून देणं आहे. घरखर्चासाठी त्याला एकदाही हात लागता कामा नये.

आणि पगार घ्यायला लागा. कारागिरांच्या भरपगारी रजेबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलंत, त्याच पत्रात स्वतःबद्दल “गरज पडेल तसे काढते” एवढंच आहे. न्याय्य मजुरीच्या व्यवसायात एका बाईची मजुरी हिशेबातच नाही आणि ती बाई तुम्ही आहात. याचा परिणाम दरावर होतो. तुमचा वेळ फुकट धरल्यामुळे तुमच्या कपड्याची किंमत खरी नाही, ती कमी आहे. सुरुवातीला तुमच्या सर्वात अनुभवी कारागिराएवढा तरी पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला स्वतःच्या खात्यात टाका. त्यातला दहावा हिस्सा परस्पर निवृत्तीच्या पुंजीत जाऊ द्या. या पगारासह तक्ता पुन्हा मांडा. ३१ मध्ये तो बसत नसेल तर किंमत वाढवावी लागेल, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

घरखर्चाचे सहा महिने आणि कारागिरांच्या पगाराचे तीन महिने, अशा दोन राखीव रकमा वेगवेगळ्या ठेवा. पहिली तुमच्याकडे आहे असं दिसतं. दुसरी त्या ३०० नगांच्या विक्रीतून उभी करा.

साखळी ३०० नगांना तयार झाली तर करारावर सही करण्याआधी मसुदा मला पाठवा. न विकलेला माल परत करण्याचं कलम आणि उशिराबद्दलच्या दंडाचं कलम, ही दोन मला आधी वाचायची आहेत.