आधी फाइल उघड

प्रिय मुली,

तुझी मेल रात्री साडेअकराला आली आणि माझी झोप गेली. मराठी पीडीएफमधून मजकूर काढणाऱ्या मॉडेलवरचा तुझा पेपर डॉकइंज परिषदेकडून परत आला याचं मला फारसं काही वाटलं नाही, माझे किती आले ते मी मोजणं सोडलंय. पण दोन परीक्षकांनी 'डेटा नेमका कुठला?' असं विचारलं आणि त्यावर तू मला विचारतेस, 'सर, डॉकइंज सोडून एखाद्या मोठ्या एआय परिषदेला पाठवू का?' अगं, विचारलेल्याचं उत्तर द्यायचं सोडून तू गावच बदलायला निघालीस!

डॉकइंज म्हणजे एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेची ही डॉक्युमेंट इंजिनीअरिंगची परिषद २००१ साली अटलांटात सुरू झाली. पसारा लहान. सगळे एकाच दालनात बसतात, त्यामुळे तुझं भाषण न आवडणाराही ते ऐकतो आणि मग चहाच्या रांगेत गाठतो. ओळ कुठे तोडावी, तक्ता कुठे संपतो, मजकुराचा वाचनक्रम कसा ओळखावा यावर आयुष्यं घालवलेली माणसं आहेत ही. मोठ्या परिषदेत तुझ्या मॉडेलची ९७ टक्के अचूकता कदाचित खपेल. इथे कोणीतरी म्हणेल, फाइल उघडून दाखवा.

म्हणून मी उघडली. तू जोडलेल्या नमुन्यांतली तिसरी पीडीएफ, कुठल्याशा पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. 'वर्ष' शोधलं. एकही सापडलं नाही. वार्षिक अहवालात! मग ओळ कॉपी करून चिकटवली, तर 'वषर्'. खाली 'किती'चं 'िकती'. तुला कारण ठाऊक आहे, तरी लिहितो. पानावर अक्षरांचे आकार डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने मांडलेले असतात. वेलांटी 'क'च्या आधी, रफार 'ष'च्या नंतर. संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्या युनिकोडचा क्रम उलटा: 'क' आधी, वेलांटी मागून, रफाराचा 'र्' आधी, 'ष' मागून. फाइलमधला टूयुनिकोड तक्ता 'हा आकार म्हणजे हे अक्षर' एवढंच सांगतो, क्रम लावून देत नाही. खरा मजकूर सोबत लिहून ठेवायची, अॅक्च्युअलटेक्स्टची, सोय पीडीएफमध्ये आहे, पण आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी ती वापरलेली मी क्वचितच पाहिली.

आता खरी गोम. तुझा 'प्रमाण मजकूर', म्हणजे मॉडेलचं उत्तर ज्याच्याशी ताडायचं तो, कुठून आला? त्याच पीडीएफमधून, त्याच टूलने काढलेला. तुझं मॉडेल 'वषर्' म्हणालं, उत्तरपत्रिकाही 'वषर्' म्हणाली. पैकीच्या पैकी गुण! ९७ टक्के म्हणतात ते हेच. एकदा, फक्त एकदा फाइल उघडली असतीस तर?

रागावलो वाटतं. पण हे मी स्वतः केलंय. तरुणपणी मीही असाच एक पेपर वाचला होता. चाचणीची पानं मीच टाइप केलेली, मीच जुळवलेली, निकाल देखणे. जेवणाच्या सुट्टीत एका म्हाताऱ्या संशोधकांनी पेनड्राइव्ह पुढे केला, 'ही माझी एक फाइल चालवा.' तीत 'दऱ्या' दोनदा होतं, पण त्यातला अर्धा 'र' एकदा 'ऱ' आणि हलन्त असा लिहिलेला, दुसऱ्यांदा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, शोधात दोन वेगळे शब्द. माझा प्रोग्राम एकच शोधून थांबला. ते हसले नाहीत, पेनड्राइव्ह खिशात ठेवून जेवायला गेले.

नंतर मी त्या विषयावर एकही ओळ छापली नाही. लोक याला आळस म्हणतात. म्हणोत. मी हजारभर फाइली एकेक करून उघडत होतो, आणि त्याचा पेपर होत नाही हा काही माझा दोष नाही. (बायको म्हणते, दोषच आहे. तिचंही एका अर्थी खरं. शंभराव्या फाइलीपाशी थांबून लिहायला बसायला हवं होतं.)

तर गाव बदलू नकोस. मॉडेलही बदलू नकोस, ते बरं आहे. प्रमाण मजकूर बदल. चाळीस पानं घे, छापील पानाकडे बघून हाताने टाइप कर. हो, हाताने, तुझ्या मित्रमंडळींत एवढं मराठी टाइप करणारं कोणी नसेल तर माझ्याकडे दहा पानं पाठव. त्यावर टक्के काढ. साठ आले तर साठ लिही. मग वेलांटी किती ठिकाणी सरकली, रफार किती ठिकाणी, दोन प्रकारचे 'ऱ्य' किती, हे वेगवेगळं मोजून मांड. चार पानांचा छोटा पेपर होईल, पण कोणी पेनड्राइव्ह पुढे केला तर तुझे हात थरथरणार नाहीत.

आणि 'डेटा भरपूर आहे सर' हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. भरपूर आहे, पण तू तो बघितलेला नाहीस.

रविवारपर्यंत त्या पतसंस्थेच्या अहवालाचं पहिलं पान टाइप करून पाठव. ताळेबंदाचं नको, अध्यक्षांच्या मनोगताचं पाठव. त्यात रफार जास्त असतात.

तुझा,
सर