येवल्याच्या अडीच एकरांसाठी मक्याचं बियाणं

मुंबई,
मे अखेर

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली अमेरिकेतल्या मका-बियाण्याची माहितीपत्रकं वाचली. पिशवीवर जनुकांची नावं, शेजारी कोणती अळी कशाने मरते याचा तक्ता, आणि खाली तुझा प्रश्न की येवल्याच्या अडीच एकरांसाठी असं बियाणं कुठे मिळेल. कुठेच नाही. भारतात २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे झाडातच अळी मारणारं प्रथिन तयार होतं त्या कापसाला, लागवडीची परवानगी मिळाली, बीटी मक्याला अजून मिळालेली नाही. त्यामुळे दुकानदार ‘हिला अळी लागतच नाही’ म्हणाला, तर तो थाप मारतोय किंवा बेकायदा माल खपवतोय. दोन्हींत नुकसान तुझंच.

त्या तक्त्याचा हेवाही करू नकोस. त्यातला मोठा भाग मक्याच्या मुळ्या खाणाऱ्या भुंगेऱ्यासाठी आहे आणि तो भुंगेरा आपल्याकडे नाहीच. शिवाय आयोवात २०११ सालीच त्याने एका बीटी प्रथिनाला दाद देणं सोडल्याचं नोंदलं गेलं. पोर्टो रिकोत लष्करी अळीनेही दुसऱ्या एका प्रथिनावर मात केली. ही मात लांबावी म्हणून तिकडे बीटी मक्यासोबत ठरावीक प्रमाणात साधा मका लावावा लागतो. आपली लष्करी अळी म्हणजे २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली ती. सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेने साध्या पैदाशीतून तिला सहनशील असे तीन संकरित वाण २०२० साली जाहीर केले, पण आफ्रिकेसाठी. आणि सहनशील म्हणजे अळी येते, खाते, फक्त झाड त्यातून उभं राहतं.

तेव्हा वाण निवडताना अळी बाजूला ठेव आणि आधी दिवस मोज. तुमच्याकडे मक्यामागे उन्हाळ कांदा असतो. पाऊस लांबून पेरणी १० जुलैवर गेली, तर १२० दिवसांचं वाण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघणार. मग चारा हलवणं, नांगरट, वाफे, आणि तोवर कांद्याचं रोप म्हातारं. तुझ्या रानाला १०० ते १०५ दिवसांचं वाण बरं, मग एकरी दोन क्विंटल कमी आले तरी चालतील. त्यानंतर खोड बघ. तुऱ्यावर असताना पावसाने ताण दिला की खोडकूज होते आणि कणीस भरायच्या आत ताटं आडवी पडतात. तिसरी गोष्ट कणसावरची पानं. ती टोकाच्या पुढेपर्यंत घट्ट मिटलेली असतील, तर कणसात शिरणाऱ्या अळीला वाट कमी मिळते आणि साठवणीत सोंडेही उशिरा लागतात. ही एवढीच ‘प्रतिकारशक्ती’ तुला बियाण्यासोबत मिळते. ती पिशवीवर छापलेली नसते. गेल्या वर्षी ते वाण लावलेल्या शेतकऱ्याला विचारावं लागतं.

आता कंपन्या. मोन्सॅन्टो २०१८ साली बायरकडे गेली, पायोनियर आता कॉर्टेव्हाची, ॲडव्हान्टा यूपीएलच्या कुटुंबातली. यातल्या बायरचं भारतातलं ऑफिस ठाण्यात आणि यूपीएलचं मुंबईतच, म्हणजे तुझ्या लोकलच्या टप्प्यात. पण म्हणून बियाणं तिथूनच घ्यावं असं काही नाही. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली, तेव्हापासून मराठवाड्यात स्वतंत्र बियाणे कंपन्यांचा धंदा रुजलाय. त्यांतल्या चांगल्या कंपन्या खरोखर चांगल्या असतात. प्रश्न फक्त चांगली ओळखायची कशी, एवढाच.

पिशवी उलटी करून बघ. ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ म्हणून दोन वेगळी नावं असतील, तर विकणाऱ्या कंपनीने बहुधा बियाणं विकत घेऊन फक्त भरलंय. त्यात गुन्हा काही नाही, पण पुढच्या वर्षी त्याच नावाखाली दुसरंच वाण येऊ शकतं. कंपनीच्या माणसाला दोनच गोष्टी विचार: ज्यांच्या संकरातून हे बियाणं होतं ते नर-मादी वाण तुमचे स्वतःचे की संशोधन संस्थेकडून परवान्यावर घेतलेले, आणि बीजोत्पादन कुठे झालं. परवान्यावर घेतलेले असले तरी हरकत नाही, अनेक छोट्या कंपन्यांना तेच परवडतं. माणूस उत्तर देतो की योजना आणि छत्रीच्या भेटीकडे वळतो, हे बघायचं. संकरित बियाणं तयार करताना शेतातल्या मादी ओळींचे तुरे पराग सुटायच्या आत हाताने उपटावे लागतात. त्यात हयगय झाली की पिशवीत स्वपरागित, म्हणजे मादीच्याच परागाने भरलेले, दाणे येतात आणि शेतात मधूनमधून खुरटी ताटं दिसतात. आधीच्या वर्षीच्या शेतकऱ्याला हेही विचार.

टॅगचा रंग निळा असेल तर बियाणं सरकारी यंत्रणेने प्रमाणित केलेलं, हिरवा असेल तर सत्यप्रत, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हमीवरचं. खासगी संकरित मका बहुतेक हिरव्यातच येतो, त्याने घाबरू नकोस. उगवण किमान ९० टक्के लिहिलेली हवी आणि चाचणीची तारीख नऊ महिन्यांच्या आतली.

नव्या कंपनीवर पूर्ण रान लावू नकोस. ८० गुंठ्यांत गावात चाललेलं वाण, उरलेल्या २० गुंठ्यांत दोन नवी, दहा-दहा गुंठे. एकरी आठ किलो धर, म्हणजे प्रत्येकी दोन किलो. अंतर ६० बाय २० सेंटिमीटर. तुलना करताना बांधाकडच्या ओळी धरायच्या नाहीत, त्यांना ऊन आणि खत जास्त मिळतं. मधल्या चार ओळी ४२ मीटर लांबीच्या मोजल्या की जवळजवळ बरोबर एक गुंठा होतो. तेवढाच मका वेगळा काढून, मळून, वजन करायचं. ओलावाही मोजून घे. ७० किलो भरला आणि ओलावा २० टक्के निघाला, तर कोरडा भाग ८० टक्के, आणि १४ टक्के ओलाव्याला तो ८६ टक्के. म्हणून ७० गुणिले ८० भागिले ८६, म्हणजे १४ टक्क्यांवर तो ६५ किलो. हा हिशेब न केल्यामुळे उशिरा पिकणारं ओलं वाण दरवर्षी पहिलं येतं.

बियाणं ऑनलाइन मागवून मुंबईच्या घरी ठेवू नकोस. मक्याच्या बियाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या वर जायला नको आणि इथली जूनची हवा फोडलेल्या पिशवीचं काय करते, ते पापडाच्या डब्यावरून तुला ठाऊक आहे. येवल्यातच घे. पेरणीच्या आठवडाभर आधी गावातल्या काकांना १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांग, बियाण्याला औषध चोळलेलं असू शकतं म्हणून हातमोजे घालूनच. सातव्या दिवशी ९० धड कोंब मोजता आले पाहिजेत. ८० आले तर बियाणं वाढवून पेरत बसू नकोस, दुकानात परत ने.

पिशवीवर सायंट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांची प्रक्रिया लिहिलेली असेल, तर पुन्हा करायची नाही. नसेल तर या दोन्हींचं १९.८ अधिक १९.८ टक्के एफएस (बियाण्याला चोळायचं द्रावण) मिश्रण किलोला सहा मिली, म्हणजे तुझ्या २० किलोला १२० मिली. चोळून सावलीत सुकवायचं. याने पहिले दोन-तीन आठवडे अळीपासून सुटतात. तू शनिवार-रविवारीच जाणार, म्हणून तुला हा खर्च इतरांपेक्षा जास्त लागू पडतो.

तिथून पुढे आठवड्यातून दोनदा पाहणी हवी, एक तुझी, एक काकांची. शेतात पाच ठिकाणी सलग दहा ताटं बघायची. पानावर खरवडल्यासारखे पांढरे पारदर्शक चट्टे म्हणजे अळी लहान आहे. पोंग्यात, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या पानांच्या सुरळीत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचली म्हणजे ती मोठी झाली, आणि त्या विष्ठेच्या बुचाखाली औषध पोचत नाही. खात्री करायला डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. पीक लहान असताना ५० पैकी तीन ताटं लागलेली दिसली की थांबू नका: इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम, एकरी २०० लिटर पाणी, नोझल थेट पोंग्यावर, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. पुढच्या फवारणीला तेच औषध वापरायचं नाही. तुरा आल्यावर फवारणी बंद, मग अळ्या हाताने वेचायच्या. फवारलेला चारा किती दिवस जनावरांना घालायचा नाही ते डब्यावर लिहिलेलं असतं, काकांना वाचून दाखव.

बिलावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घे. टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं कणसं निघेपर्यंत जपून ठेव. बियाण्यात खोट निघाली तर तालुक्याच्या बियाणे तक्रार समितीकडे लेखी अर्ज जातो आणि ती माणसं शेतात येऊन पंचनामा करतात. तो पीक उभं असतानाच होतो, कापणी झाल्यावर बघायला काही उरत नाही.