शेवंड सोलापुरात घ्यावी का?

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. मुलाने हट्टाने शेवंड (लॉब्स्टर) मागवली. ती चव अजून जिभेवर आहे. पण ह्यांचं कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं आहे आणि दोन वर्षांपूर्वी यूरिक अ‍ॅसिडमुळे पायाचा अंगठा सुजला होता. शेवंड तब्येतीला खरंच चांगली का? आणि इथे मिळाली तर घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माहेर आठवलं. मी देवगडची. वडील खडपाजवळ जाळं टाकायचे. धडधाकट शेवंड विकायला जायची, घरी यायची ती पाय तुटलेली. आई ती मीठ-हळद घालून नुसती उकडायची. निळसर-हिरवी पाठ पाण्यात लाल होताना बघायला आम्ही भावंडं चुलीपाशी बसायचो. परदेशी शेवंडीसारखे जाड नांगे आपल्याकडच्या शेवंडीला नसतात, सगळं खाणं शेपटीत. मांस पांढरंशुभ्र, गोडसर, कोळंबीपेक्षा घट्ट. तुमच्या जिभेवर राहिली आहे ती हीच गोडी.

तब्येतीचं म्हणाल तर १०० ग्रॅम मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि चरबी २ ग्रॅमच्या आत. शिवाय बी-१२, जस्त, सेलेनियम. तिच्यात कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल संपृक्त चरबीने जास्त वाढतं आणि ती शेवंडीत फारच थोडी असते. त्यामुळे कधीतरी खाल्लेल्या शेवंडीपेक्षा हॉटेलात तिच्यावर ओतलेल्या लोण्याची मला जास्त काळजी वाटते. बिनलोण्याची मागा.

यूरिक अ‍ॅसिडच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. शेवंडीतल्या प्युरीनचं शरीरात यूरिक अ‍ॅसिडच होतं. सांधा दुखत असताना अजिबात नको. एरवीही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि तेही दोन-चार घास. घरात कुणाला कोळंबी किंवा खेकडा खाऊन अंगावर गांधी उठत असतील, तर त्यांनी शेवंडीच्या वाटेला जाऊच नये. त्रास देणारं प्रथिन उकळूनही नष्ट होत नाही.

आता सोलापूर. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी इथे बर्फातली मेलेली शेवंड हौसेने विकत घेतली. कवच उघडलं तर मांस पिठासारखं भुसभुशीत आणि नवसागरासारखा उग्र वास. सगळी टाकून दिली, आणि त्या दिवशी मला रडू आलं. शेवंड मेली की तिच्याच पोटातले पाचक रस मांस विरघळवू लागतात, जंतूही झपाट्याने वाढतात. म्हणून ती जिवंत असताना किंवा मारल्याबरोबर शिजवायची असते. मुंबई इथून ४०० किलोमीटर. वाटेत ती कधी मेली हे तुम्हाला कोण सांगणार? इथे घ्यायचीच तर पकडल्यावर लगेच गोठवलेली, बंद पाकिटातली शेपटी घ्या. पाकिटात बर्फाचे खडे साचले असतील तर ती मध्येच वितळून पुन्हा गोठलेली असण्याची शक्यता असते, ती नको. रात्रभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्या.

आणि काळं तिखट घालू नका हो! सासूबाईंनी पहिल्यांदा शेवंडीचा रस्सा केला तो काळं तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घालून. रस्सा झकास झाला होता, पण त्यात शेवंड सापडेना. पुढच्या वेळी मी शेपटी उभी चिरली, मीठ, हळद, ठेचलेला लसूण लावला आणि खोबरेल तेलावर परतली. मांस पांढरं, अपारदर्शक झालं की लगेच उतरवायची. जास्त शिजली की रबर होते. सासूबाईंनी ती ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खाल्ली आणि कवचही चोखलं.

रोजच्या प्रथिनांसाठी उजनीचा रोहू, कटला, चिलापी आहेतच. ताजे मिळतात, खिशालाही परवडतात.

पुन्हा मालवणला गेलात तर शिजवायला देण्याआधी शेवंड उलटी करून बघा. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस असेल तर नको म्हणा. मुंबईजवळची चपटी शेवंड अंडीवाल्या माद्यांसकट उपसली गेली आणि १९९४ पर्यंत तिची मासेमारी कोसळली. निर्यातीसाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये किमान वजनं ठरवली आहेत. आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळणाऱ्या काटेरी शेवंडीला ती मर्यादा ३०० ग्रॅम आहे. तुम्हीही समोर वजन करून घ्या, त्याहून हलकी भरली तर परत द्या.