मुलगा गाणी आणि जाहिराती पाठ म्हणतो, पण ‘आई’ म्हणून हाक मारत नाही. हा ऑटिझम असू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. इंग्रजी बालगीतं आणि साबणाची एक जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो, एबीसीडी येते, आकडे येतात. पण ‘आई’, ‘पाणी’, ‘दे’, ‘नको’ यातलं काहीच नाही. काही हवं असलं की तुमचं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो. नावाने हाक मारली तर वळत नाही, बिस्किटाचा पुडा वाजला की मात्र आतल्या खोलीतून धावत येतो. सासूबाई म्हणतात, त्याचा बाबाही चार वर्षांचा झाल्यावर बोलला. एका डॉक्टरांनी घरातली मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलायला सांगितलंय. आणि तुम्ही विचारताय, की याला बोलता येतं म्हणायचं की नाही, हा ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे का, आणि पुढे काय होईल.

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम पाच वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर चालतं. मुलाला न बघता निदान सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एवढं नक्की म्हणते, की तपासणी आत्ताच करून घ्या. चौथ्या वाढदिवसाची वाट बघू नका.

मूल किती शब्द बोलतं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मी आधी बघते ते बोट. साधारण वर्षाच्या आसपास मूल खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवतं, मग वळून आईच्या चेहऱ्याकडे बघतं, पुन्हा कावळ्याकडे. त्याला कावळा नको असतो. ‘तूही बघ’ एवढंच सांगायचं असतं. शब्द येण्याच्या कितीतरी आधी हे सुरू होतं आणि पुढची भाषा याच्यावर उभी राहते. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हे ‘तूही बघ’ उशिरा येतं किंवा फार कमी दिसतं. मनगट धरून फ्रिजपाशी नेणं हेही सांगणंच आहे, त्याला कमी लेखू नका. पण त्यात तो तुमच्या हाताशी बोलतोय, तुमच्या चेहऱ्याशी नाही. हा फरक तुमच्या तपासणीत महत्त्वाचा ठरेल.

याचा शब्द शिकण्याशी थेट संबंध आहे. तुम्ही दाराकडे बघत ‘मांजर’ म्हणालात आणि त्या क्षणी मूल पंख्याकडे बघत असलं, तर बहुतेक मुलं आधी तुमची नजर कुठे आहे ते बघतात आणि शब्द मांजराला जोडतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हेच तपासलं होतं. ऑटिझम असलेली बरीच मुलं बोलणाऱ्याच्या नजरेचा माग न घेता, आपण स्वतः ज्या वस्तूकडे बघत होतो तिलाच तो नवा शब्द जोडत होती. म्हणजे त्यांच्या कानावर शब्द कमी पडत नाहीत. शब्द आणि वस्तूची गाठ चुकीच्या ठिकाणी बसते. म्हणून घरी उपाय असा, की त्याचं लक्ष आपल्याकडे ओढत बसण्याऐवजी तो ज्याकडे बघतोय त्याचं नाव आपण घ्यायचं. तो पंखा बघतोय ना, मग ‘पंखा. पंखा फिरतोय.’

आता गाणी आणि जाहिरातींबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पालकांना सगळ्यात जास्त संभ्रम इथेच होतो.

ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणणं, याला आमच्याकडे इकोलेलिया म्हणतात. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरमधल्या ११ मुलांचं वर्णन केलं, तिथपासून ऑटिझमबरोबर याची नोंद आहे. ती मुलं स्वतःला ‘तू’ म्हणत, कारण वाक्य जसं कानावर पडलं तसंच ती परत देत. पुढे कित्येक वर्षं हे निरर्थक समजलं गेलं आणि मुलांना ते करण्यापासून थांबवलं गेलं. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन या वाणी-भाषातज्ज्ञांनी ऑटिझम असलेल्या चार मुलांचे व्हिडिओ बारकाईने पाहिले. प्रत्येक उच्चाराच्या वेळी मूल कुठे बघत होतं, हातात काय होतं, आधी आणि नंतर काय घडलं, हे त्यांनी तपासलं. त्यात दिसलं की या पुनरुच्चारांमागे हेतू असतात: मागणं, हो म्हणणं, संवादातली आपली पाळी घेणं, स्वतःला शांत करणं.

मराठी घरांत हे कसं दिसतं ते सांगते. आई रोज विचारते, ‘बिस्किट देऊ?’ आणि मग बिस्किट मिळतं. मुलाच्या मनात त्या अख्ख्या प्रसंगाचं नाव ‘बिस्किट देऊ’ असं पडतं. भूक लागली की तो येऊन म्हणतो, ‘बिस्किट देऊ?’ घरचे हसतात किंवा ‘देऊ नाही, दे म्हण’ म्हणून दटावतात. पण त्याने मागितलं होतं, आणि शब्दांत मागितलं होतं. माझ्याकडे येणारा एक मुलगा खेळाचा कंटाळा आला की ‘पुढील स्टेशन दादर’ म्हणायचा. लोकलमध्ये ती घोषणा झाली की घरचे उठून दारापाशी जात, म्हणून त्याच्यासाठी त्या वाक्याचा अर्थ ‘उठा, निघायचं’ असा झाला होता. आईने हे ओळखल्यावर ती लगेच म्हणायला लागली, ‘झालं. आता जाऊया.’ काही आठवड्यांनी ‘जाऊया’ त्याच्या तोंडी आलं.

(मुलगा ‘मी जाते’, ‘मी खाते’ म्हणतो म्हणून काळजीने विचारणारेही खूप असतात. दिवसभर आई-आजीबरोबर असणारे बरेच मराठी मुलगे काही काळ असं बोलतात. नुसत्या त्यावरून काही ठरवू नका.)

तेव्हा तुमचा मुलगा साबणाची जाहिरात नेमकी कधी म्हणतो ते बघा. आंघोळीच्या वेळी? हात ओले झाल्यावर? पाहुणे आल्यावर घाबरून? दर वेळी अर्थ सापडेल असं नाही. काही वेळा तो नुसता आवाजाचा आनंद घेत असेल, तेही ठीक आहे. पण जिथे सापडेल तिथे उत्तर द्या. आणि बोलताना शक्यतो त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य द्या. ‘तुला पाणी हवंय का?’ हे त्याने उचललं तर तसंच्या तसं म्हणेल. त्याऐवजी पेला पुढे करताना ‘पाणी हवंय’ किंवा ‘आई, पाणी दे’ म्हणा आणि पाणी द्या. ‘आधी पाणी म्हण, मग देते’ हे कृपा करून करू नका. तहानलेल्या मुलाला अडवून भाषा येत नाही, रडं येतं. सध्या समाजमाध्यमांवर या पाठ वाक्यांवर आधारलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या उपचारपद्धतीचा बोलबाला आहे. त्यातली मुलाचं ऐकण्याची वृत्ती मला पटते, पण त्या ठरावीक पायऱ्यांना अजून भक्कम पुरावा नाही. त्याच्या नावावर महागडी पॅकेजेस घेऊ नका.

दुसरी एक गोष्ट जपून तपासा, ती म्हणजे त्याला किती समजतं. सर्वसाधारण मुलाला बोलता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त समजत असतं. ऑटिझम असलेल्या अनेक लहान मुलांमध्ये हे अंतर कमी असतं, कधी उलटंही दिसतं: म्हणून दाखवतो लांबलचक वाक्यं, पण ‘उशी आण’ कळत नाही. पालक मला म्हणतात, ‘त्याला सगळं कळतं हो, चल म्हटलं की चपला घेऊन येतो.’ पण तेव्हा बाबांच्या हातात किल्ली असते, आईने पर्स उचललेली असते. तो शब्दावरून ओळखतोय की किल्लीवरून? एकदा हातवारे न करता, भलत्याच वेळी, शांतपणे सांगून बघा. त्याची परीक्षा घ्यायची म्हणून नाही. कळत नसेल तर आपल्याला वाक्यं छोटी करावी लागतील आणि जोडीला वस्तू किंवा चित्र दाखवावं लागेल, त्यासाठी.

सासूबाईंचं म्हणणं सरसकट खोटं नाही. उशिरा बोलणारी आणि नंतर छान बोलणारी मुलं असतात. पण त्यांना विचारा, बाबा बोलत नव्हते तेव्हा बोट दाखवायचे का? हाक मारली की बघायचे का? खोटा खोटा चहा करून कुणाला पाजायचे का? हे सगळं असेल तर ती गोष्ट वेगळी होती. उशिरा बोलणं आणि ऑटिझम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कधी एकत्र येतात, कधी नाही. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या निकषांमधून भाषा उशिरा येण्याची अट काढलेलीच आहे. वेळेवर, भरपूर बोलणाऱ्या मुलालाही ऑटिझम असू शकतो. आणि ऑटिझम असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये आधी आलेले शब्द किंवा इतर कौशल्यं दोन वर्षांच्या आसपास मागे जातात. तुमच्या मुलाला आधी काही शब्द येत होते आणि ते गेले, असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वेखंड चाटवणं, जिभेखालचा पडदा कापून घेणं यात वेळ घालवू नका. जो मुलगा अख्खी जाहिरात म्हणतो त्याची जीभ अडलेली नाही.

मराठी बंद करण्याचा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा आणखी मागे पडत नाही, हे मॉन्ट्रियलमधल्या २०१२ च्या अभ्यासात आणि त्यानंतरच्या इतर अभ्यासांतही दिसलंय. घरात इंग्रजी कुणालाच सहज येत नसताना ती लादली, की आईचं बोलणं ‘सिट’, ‘कम’, ‘गिव्ह’ एवढ्यावर येतं. रागावणं, लाड करणं, गोष्ट सांगणं, काऊचा घास भरवणं, सगळं बंद पडतं. आजी तर गप्पच होते. ज्या मुलाला माणसांकडे वळायला आधीच कठीण जातं, त्याच्या आसपासची माणसं आपण मुकी का करायची? त्याला इंग्रजी आवडते कारण ती व्हिडिओतून येते, दर वेळी अगदी तशीच, त्याच चालीवर. व्हिडिओ कमी करा, कारण तेवढा वेळ माणसांना मिळेल. पण मोबाइल दाखवला म्हणून ऑटिझम झाला, असं कुणी सांगितलं तर ते मनाला लावून घेऊ नका. तसं सिद्ध झालेलं नाही.

घरच्यांनी काय करायचं याला आपल्या शेजारचाच एक चांगला पुरावा आहे. गोव्यातली संगत ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी मिळून झालेला ‘पास’ नावाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं त्यात होती. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते ६ महिन्यांत १२ बैठका घेत. पालक मुलाबरोबर खेळतानाचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि तो पालकांबरोबर बसून पाहायचा: इथे त्याने बघितलं, इथे तुम्ही थांबलात, म्हणून त्याने पुढे काहीतरी केलं. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकले आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. हे तुम्हालाही करता येईल. रोज थोडा वेळ, टीव्ही बंद, जमिनीवर बसून. त्याने गाडीचं चाक फिरवलं तर तुम्हीही फिरवा. मग थांबा. वाट बघा. आपण मोठी माणसं थांबत नाही, ‘हे काय आहे? कुठला रंग? सांग बरं’ अशी सरबत्ती करतो. त्याने नुसतं वर पाहिलं तरी ती त्याची पाळी झाली, तिला उत्तर द्या.

चित्रांच्या कार्डांना किंवा संवादाच्या ॲपला घाबरू नका. ‘त्याची सवय लागली तर तो बोलणारच नाही’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते, पण त्याने बोलणं थांबत नाही हे अभ्यासांत दिसलेलं आहे, काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मोफत आहे.

पुढे काय होईल, असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ५३५ मुलांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांची होईपर्यंत ज्यांची भाषा फारच मागे होती अशी ही मुलं. आठव्या वर्षापर्यंत किंवा त्यानंतर त्यातली ७० टक्के शब्द जोडून बोलू लागली होती, जवळपास निम्मी सफाईने. काही मुलं फारसं बोलत नाहीत, तीही खुणांनी, चित्रांनी, टाइप करून आपलं म्हणणं मांडतात. तुमचा मुलगा यात कुठे असेल ते आज कुणीही सांगू शकत नाही. स्टेम सेलच्या (मूलपेशींच्या) उपचाराने बोलेल असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. ऑटिझमसाठी ती शिफारस करता येत नाही असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच म्हटलंय.

आता कामाचं. पहिली ऐकण्याची तपासणी, बेरा (आवाजाला कान आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी) वगैरे. पुडा ऐकू येतो म्हणजे कान ठीक, असं धरू नका. काही स्वर ऐकू येतात आणि काही नाहीत असंही असतं. मग डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर. खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं सरकारी केंद्र, आहे का ते विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं सुरू झालीत. अंगणवाडीतूनही तिथे पाठवतात. मुंबईत असाल तर ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. निदान होईपर्यंत स्पीच थेरपी थांबवायची गरज नाही, दोन्ही एकदम सुरू करा. ऑटिझमची शक्यता तपासणारी इंटरनेटवरची एम-चॅट प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, तुमच्या मुलाला ती आता लागू पडत नाही.

जाताना मोबाइलमध्ये घरातले तीन-चार छोटे व्हिडिओ न्या: जेवताना, एकटा खेळताना, तुमच्याबरोबर खेळताना, काही हवं असताना. दवाखान्यात मूल वेगळंच वागतं. आणि आजपासून एक वही करा. तो जी जी पाठ वाक्यं म्हणतो ती एका बाजूला, आणि ती म्हणताना काय चाललं होतं ते दुसऱ्या बाजूला. थेरपिस्टला पहिल्याच दिवशी ती वही दाखवा. तिच्यावरून कुठल्या वाक्यापासून सुरुवात करायची ते ठरवता येईल.