पावसाळी रिंगण, नोटरीचा करार आणि खारघरचे घर

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र आणि सोबतची दोन दरपत्रके मिळाली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपण खारघरला राहता आणि पनवेलच्या पुढे भाड्याने घेतलेल्या दोन एकर जमिनीवर आठ घोड्यांची रायडिंग स्कूल चालवता. मुरमाचे रिंगण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चिखल होते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत शिकवणी जवळजवळ थांबते. म्हणून पावसातही चालेल असे नवे रिंगण, म्हणजे ज्याला सगळे अरीना म्हणतात ते, बांधावे असा आपला विचार आहे. उघड्या रिंगणाचे दरपत्रक १७ लाखांचे आहे आणि वर पत्र्याची शेड घातली तर एकूण ४२ लाखांचे. ११ लाखांची मुदत ठेव, मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेल्या १४ लाखांच्या म्युच्युअल फंडातील ६ लाख, आणि खारघरचे कर्जमुक्त घर तारण ठेवून २५ लाखांचे कर्ज अशी आपण जुळणी मांडली आहे. शेडसह बांधावे का, एवढाच आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे आहे की शेड नको, घर तारण ठेवणे तर मुळीच नको, आणि उघडे रिंगणसुद्धा जमिनीचा करार नीट होईपर्यंत नको. कारणे आपल्याच आकड्यांतून निघतात.

कोरड्या आठ महिन्यांत आपल्याकडे सरासरी ५५ विद्यार्थी असतात आणि प्रत्येकी ५,५०० रुपये शुल्क धरले तर महिन्याला ३,०२,५०० रुपये जमतात. चारा, खुराक, नाल, औषधपाणी, मोतद्दारांचे (घोड्यांची निगा राखणाऱ्यांचे) पगार आणि जमिनीचे भाडे मिळून २,३५,००० रुपये खर्च होतो, म्हणजे आठ महिन्यांत ५,४०,००० रुपये शिल्लक राहते. पावसाळ्यात १४ विद्यार्थी उरतात, ७७,००० रुपये येतात आणि २,२०,००० रुपये जातात, कारण घोडा फिरो वा न फिरो, त्याला खायला लागतेच. चार महिन्यांची ही तूट ५,७२,००० रुपयांची होते. म्हणजे वर्षभर राबून आपण ३२,००० रुपये स्वतःच्या खिशातून घालता. पत्रात आपण ही बेरीज केलेली नाही. केली असती तर रिंगणापेक्षा आधी तिच्याबद्दल विचारले असते, असे मला वाटते.

आपला अंदाज असा की रिंगण झाल्यावर पावसाळ्यातही सगळे ५५ विद्यार्थी येतील, ४१ जणांचे चार महिन्यांचे ९,०२,००० रुपये जादा मिळतील आणि ४२ लाख पाच वर्षांच्या आत वसूल होतील. हा अंदाज मला मान्य नाही. पायाखालची वाळू कोरडी असली तरी विजा कडाडत असताना कोणी मुलाला घोड्यावर बसवत नाही, आणि सायन-पनवेल महामार्गावर पाणी साचले असेल त्या दिवशी पालक घरातूनच निघत नाहीत. आपल्या राज्यातील घोड्यांच्या एका जुन्या व्यवसायानेही पावसापुढे असाच हिशेब केलेला आहे: महालक्ष्मीच्या शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि पावसाळ्यात शर्यती घाट चढून पुण्याला जातात.

मी उघड्या रिंगणासाठी २० आणि शेडसाठी ३३ जादा विद्यार्थी धरतो. उघड्या रिंगणाने वर्षाला ४,४०,००० रुपये जादा येतील. वाळू सारखी करणे, कमी झालेली भरणे आणि उन्हाळ्यात पाणी मारणे यांसाठी ७०,००० वजा केले तर ३,७०,००० राहतात. शेडखाली हाच आकडा ६,५६,००० होतो. म्हणजे शेडसाठी घातलेले जादा २५ लाख वर्षाला २,८६,००० रुपये मिळवतील. त्याच २५ लाखांच्या कर्जाचा हप्ता, आपल्या बँकेने सांगितलेल्या १०.५ टक्के दराने आणि १० वर्षांच्या मुदतीने, महिन्याला सुमारे ३३,७०० म्हणजे वर्षाला ४,०५,००० रुपयांच्या आसपास जातो. शेड स्वतःचा हप्तासुद्धा फेडू शकत नाही. उरलेला भार आपल्या यजमानांच्या पगारावर पडेल, आणि तो पगार एकदा थांबला तर खारघरचे घर धोक्यात येईल.

आता जमिनीविषयी. मला खरी काळजी इथे वाटते.

आपला पाच वर्षांचा करार नोटरी केलेला आहे, त्यातील तीन वर्षे दहा महिने उरली आहेत, आणि सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असताना सही एकाचीच आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावाच लागतो. तो नोंदवलेला नसेल, तर उद्या वाद झाल्यावर पाच वर्षांची मुदत सिद्ध करण्यासाठी त्या कागदाचा आधार घेता येणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा भाडेकरूला आपण जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेण्याची मुभा देतो, परंतु जमिनीत पुरलेले नळ आणि दाबून बसवलेली खडी कोण उपसून नेणार? रिंगणाचा निम्म्याहून अधिक खर्च जमिनीखाली असतो आणि करार संपला की तो मालकाचा होतो. त्यातच नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आहे, त्यामुळे त्या परिसरातील कोणत्या मालकाला विक्रीचा मोह होणार नाही हे सांगणे कठीण आहे. आपले गाव सिडकोच्या नैना क्षेत्रात, म्हणजे विमानतळाभोवतीच्या नियोजन क्षेत्रात, येते का आणि त्या गट क्रमांकावर नगररचना योजना आहे का, हेही पाहावे, कारण योजनेत जमिनींची फेरआखणी होते आणि मालकाला मिळणाऱ्या अंतिम भूखंडाची जागा आणि आकार बदलू शकतो. शेतजमिनीवर घोडेस्वारीचा व्यवसाय हा शेतीचा वापर ठरत नाही, तेव्हा अकृषिक वापराची आजची कार्यपद्धती तहसील कार्यालयातून लेखी समजून घ्यावी.

म्हणून तिन्ही भावांच्या सहीने किमान नऊ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा आधी करावा. त्यात जमीन विकली गेली तरी पट्टा कायम राहील, आणि मालकाने मुदतीआधी जागा परत घेतल्यास रिंगणाचा खर्च उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात परत मिळेल, अशी दोन कलमे असावीत. निचऱ्याचे काम अखेर त्यांच्याच जमिनीत राहणार आहे, हे सांगून पहिली तीन वर्षे भाडेवाढ नको अशी मागणी करायला संकोच वाटू देऊ नये.

दरपत्रकांविषयीही लिहायला हवे, कारण त्यांतील चुका शेवटी पैशाच्याच आहेत. आपली जागा पूर्वी भातखाचर होती. भातासाठी पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी केलेल्या जमिनीत वरच्या थराखाली घट्ट तळ तयार होतो, आणि तो मुद्दामच तयार केलेला असतो, कारण खाचरात पाणी टिकायला हवे असते. नेमकी तीच जमीन आपल्याला पाणी सोडायला लावायची आहे. या पट्ट्यात हंगामात सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मी पुढे सुचवतो त्या २० बाय ४० मीटरच्या रिंगणावर तो २० लाख लिटर होतो, आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर ८०,००० लिटर. हे पाणी वाळूतून खाली, खडीतून बाजूला, छिद्रे असलेल्या नळांतून चरात आणि तिथून नाल्यात जायला हवे. आपल्या दरपत्रकात नळ आहेत, पण ते कुठे सुटणार हे लिहिलेले नाही. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस असताना शेजारचा नाला आपल्या नळांच्या तोंडापेक्षा वर भरत असेल, तर पाणी उलटे रिंगणात येईल आणि १७ लाख पहिल्याच जुलैत चिखलात जातील. तो नाला किती भरतो हे ठेकेदाराला नव्हे, शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे. गरज पडल्यास रिंगणाची पातळी भरावाने उंच करावी लागेल, आणि तो खर्च दरपत्रकात नाही.

दुसरी गोष्ट वाळूची. दरपत्रक २० बाय ६० मीटरसाठी आहे आणि त्यात ३० ब्रास वाळू लिहिली आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. या हिशेबाने थर जेमतेम ७ सेंटीमीटरचा होतो. बारा सेंटीमीटरचा थर हवा तर ५१ ब्रास लागतील. ठेकेदाराने वाळू कमी धरून रक्कम आकर्षक केली आहे की त्याला हे काम नवे आहे, हे मला सांगता येत नाही. दोन्ही बाबतींत फटका आपल्यालाच आहे. खडी आणि वाळू यांच्यामध्ये घालायच्या जिओटेक्स्टाइल कापडाची ओळही नाही. ते नसेल तर टापांच्या दणक्याने खडी वर येते आणि वाळू खाली जाते. खडी धुतलेली, कपचीदार आणि भुकटीविरहित असावी. वाळू खाडीची किंवा गोल कणांची नको, कारण ती पायाखालून सरकते; क्रशरची भुकटीमिश्रित वाळूही नको, कारण ती पावसात आवळून बसते आणि मे महिन्यात धूळ होऊन घोड्याच्या छातीत जाते. धुतलेली सिलिका वाळू हवी. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातील कासार्डे भागातून ती निघते, मात्र तिथून आणायची तर वाहतुकीचा दर स्वतंत्र लिहून घ्यावा. एक ते दीड टक्का उतार द्यावा. २० मीटर रुंदीला म्हणजे २० ते ३० सेंटीमीटर. युरोपातील मेण लावलेल्या वाळूची जाहिरात दुसऱ्या दरपत्रकात आहे, तिच्याकडे पाहूच नये. आपल्या अडचणीचा दुसरा अर्धा भाग उन्हाळ्यात आहे, कारण कोरडी वाळू भुसभुशीत होऊन घोड्याच्या पायाच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांवर) ताण आणते. रोज पाच मिलिमीटर पाणी मारायचे तर ८०० चौरस मीटरला ४,००० लिटर लागते, तेव्हा बोअरवेल एप्रिलमध्ये तेवढे देते का हे पाहावे.

२० बाय ६० हे ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकाराच्या, मोठ्या स्पर्धांचे माप आहे. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळवल्यापासून पालक त्याविषयी विचारतात, असे आपण लिहिले आहे, आणि ते मला समजते. तरीही आपले बहुतेक विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे आहेत आणि त्यांना २० बाय ४० पुरते. क्षेत्र दोन तृतीयांश होते. वाळूचा पूर्ण थर आणि कापड धरून खर्च १२ लाखांच्या आसपास राहावा, पण नवे दरपत्रक नगानुसार आणि ब्रासनुसार मागवावे. वर्षाला ३,७०,००० मिळाले तर ही रक्कम सव्वातीन पावसाळ्यांत वसूल होते. २० ऐवजी १२ च विद्यार्थी टिकले, तर वर्षाला १,९४,००० उरतात आणि सहाहून थोडे अधिक पावसाळे लागतात. आजच्या करारात फक्त चार पावसाळे आहेत. नऊ वर्षांचा आग्रह त्यासाठीच आहे.

पैसे कुठून आणायचे? मुदत ठेवीतील ५ लाखांना हात लावू नये, कारण एका पावसाळ्याची तूटच त्याहून मोठी आहे. उरलेले ६ लाख वापरावेत. मुलगा दहावीत आहे, म्हणजे दोन-अडीच वर्षांत शिक्षणाचा पैसा लागेल; ते १४ लाख रिंगणासाठी नाहीतच, उलट आता ते टप्प्याटप्प्याने शेअर बाजारातून काढून सुरक्षित ठेवीत न्यायला हवेत. कमी पडणारे ६ लाख मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ नावाच्या कर्जगटातून विनातारण मागावेत. दर ११.५ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली तर हप्ता सुमारे १३,२०० रुपये, वर्षाला १,५८,००० च्या घरात. बाराच विद्यार्थी टिकले तरी हा हप्ता रिंगणाच्या कमाईतून निघतो, आणि चुकला तरी घर जात नाही.

दोन करविषयक गोष्टी. आपल्या आकड्यांनुसार वार्षिक उलाढाल २७ लाखांच्या वर जाते आणि सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. पत्रात नोंदणीचा उल्लेख नाही. झाली नसेल तर रिंगणाच्या आधी सीएची भेट घ्यावी, कारण मागील कर, व्याज आणि दंड मिळून आपली सगळी गणिते उलटू शकतात. दुसरे म्हणजे, व्यवसायातील घोड्यावर यंत्रासारखा दरवर्षी घसारा, म्हणजे घटत्या किमतीची करातील वजावट, मिळत नाही. तो मेल्यावर किंवा कायमचा निकामी झाल्यावरच त्याची किंमत वजावट म्हणून धरता येते. त्यामुळे नवे दोन घोडे घेऊन कर वाचवण्याची जी कल्पना आपल्याला कोणी सुचवली आहे, ती सोडून द्यावी.

मागणीचा अंदाज माझा बरोबर की आपला, हे खर्च करण्याआधी तपासता येते. फेब्रुवारीत पालकांकडून जून ते सप्टेंबरचे शुल्क आगाऊ मागावे, रिंगण तयार न झाल्यास पूर्ण परताव्याच्या लेखी हमीसह, आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. वीस पालकांनी पैसे भरले तर काम काढावे. दहाही पुढे आले नाहीत, तर तबेल्यातील निगा, खोगीर कसणे आणि घोड्याची ओळख असा २,००० रुपयांचा पावसाळी वर्ग सुरू करावा. पंचवीस मुले आली तरी चार महिन्यांत दोन लाख रुपये काही न बांधता जमतील.

भराव, दाबणी आणि वाळूचा थर हे सगळे मेच्या मध्यापर्यंत पुरे व्हायला हवे. भाडेपट्ट्याची नोंदणी फेब्रुवारीअखेरपर्यंत झाली नाही, तर यंदा काम काढू नये. तो पावसाळा नाल्याची पातळी कुठवर चढते याच्या खुणा खांबावर करण्यात घालवावा आणि त्या खुणा पुढच्या ठेकेदाराला दाखवाव्यात.